डावीकडची खिडकी

"आता कुणीही बोलायचं नाही," पुढच्या सीटवरून मागे वळत प्रभाकररावांनी पुन्हा बजावले. "जनावराला आवाज चालत नाही."

मागे डावीकडच्या खिडकीशी कल्पनाताई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी सून मृणाल. कान्ह्याच्या जंगलात जीपमधून फिरफिर फिरूनही हरणांपलीकडे काही दिसले नव्हते. बायकोला वाघ दाखवीन, असे प्रभाकरराव लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले होते. बँकेतून निवृत्त होईपर्यंत ते राहूनच गेले. आता उज्जैनला परतताना, आष्ट्याच्या अलीकडच्या टेकाडांत, त्यांची शेवटची आशा होती. वाघ नाही तर नाही, पण रानातले काहीतरी कल्पनाने पाहिलेच पाहिजे.

"बाबा, इथे फार तर नीलगाय दिसेल," गाडी चालवणारा पराग म्हणाला.

"ती माझ्या माहेरी रोज हरभरा खाऊन जाते," कल्पनाताई म्हणाल्या. "तिच्यासाठी हॉटेलचं बुकिंग कशाला?"

मृणाल फस्सकन हसली.

"चूप! एकदम चूप!"

ऊन कलले होते. चहा घ्यायला परागने गाडी कडेला थांबवली आणि इंजिन बंद केले. मृणाल थर्मास शोधू लागली.

तेवढ्यात डावीकडच्या पळसाच्या झुडपांतून एक बिबट्या उतरला आणि कल्पनाताईंच्या खिडकीसमोर, थोड्याच अंतरावर, थबकला.

तो प्रभाकररावांना आधी दिसला. 'कल्पना, बघ' एवढेच त्यांना हळूच म्हणायचे होते. पण तोंडून निघाले ते भलतेच, तेही देवळाच्या रांगेत निघते तितक्याच जोरात.

"जय महाकाल!"

"जय महाकाल!" गाडीतून तीन आवाज उमटले. तिघांचे हात जोडले गेले, माना लवल्या, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा बाहेर पळसाची एक फांदी तेवढी हलत होती.

"अगं, डोळे कशाला मिटलेस!" प्रभाकररावांचा आवाज चिरकला. "बिबट्या होता! तुझ्या समोर!"

"तुम्ही देवाचं नाव घेतलंत. मग काय टकामका बघत बसू?"

प्रभाकरराव रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

कल्पनाताईंनी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरंच होता?"

"तुझी शपथ. आवाजाने पळालासुद्धा नाही. तू हात जोडून बसली होतीस, आणि तो तुझ्याकडे टक लावून उभा होता."

"माझ्याकडे?"

"तुझ्याकडेच. आणि मग आरामात गेला."

कल्पनाताई खिडकीच्या काचेकडे वळल्या. सुटलेली बट त्यांनी कानामागे सारली, पदर नीट केला.

"चला," त्या म्हणाल्या, "त्याचा तरी फेरा वाया गेला नाही."