दोघींनी नाही म्हणायचं

"मोबाईलकडं बघू नकोस आत्या, माझ्याकडं बघ," स्नेहल म्हणाली. "सांग आता. जमीन कुणाची?"

"दादाची."

"परत चुकलीस."

शालनबाईला हसू आलं. बासष्टाव्या वर्षी भाची परीक्षा घेत होती.

स्नेहल चिंचवडच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिथं 'स्त्री, लिंगभाव आणि समाज' नावाचा विषय होता. त्यात प्रोजेक्ट असा, की आपल्या घरातली एक बाई घ्यायची आणि तिच्या वाट्याला काय आलं, काय आलंच नाही, ते मांडायचं. मॅडमनी बजावलं होतं, नुसतं रडगाणं नको, काहीतरी बदलताना दाखवा. स्नेहलनं आत्या घेतली. दर गुरुवारी कॉलेज सुटलं की ती मोबाईलवर शूटिंग करायला दापोडीला आत्याकडं यायची, शालनबाईची सून कामावर असताना.

"हे शिकायला फी भरता व्हय गं?" शालनबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "आमी तर फुकटात शिकलो."

शालनबाईच्या माहेरची वडिलोपार्जित चार एकर चाकणजवळ होती. आजूबाजूला कंपन्या आल्या आणि ढेकळांचं सोनं झालं. भावानं, अर्जुनरावानं, दुमजली बंगला बांधला. शालनबाईला भाऊबीजेची साडी, इंद्रायणी तांदळाचं एक पोतं आणि दिवाळीतले आठ दिवस माहेरपण मिळायचं. भाऊ वाईट नव्हता. बहीण तोंड उघडत नाही तोवर कुणाचाच भाऊ वाईट नसतो.

पण त्या आठ दिवसांवर ती वर्ष काढायची. बाकीचे दिवस दीड खोलीत, ओटा आणि दार यांच्या मधल्या पट्ट्यात अंग मुडपून झोपायची. पाय लांब केले की सून म्हणायची, "आई, येता-जाता अडखळायला होतं." माहेरी तिच्यासाठी पलंग होता. वहिनी स्वतः चादर बदलायची.

आता ती चार एकर गोदामवाल्यांना द्यायची ठरली होती. वकिलानं सांगितलं होतं, आधी बहिणीचं आणि मुलीचं, दोघींचं हक्कसोडपत्र करून घ्या. दोघींचे कागद वेगवेगळे तयारही झाले होते. भावाला हक्क सोडून द्यायचा, ही तिकडची रीतच. गावातली एकच बहीण अडून बसली होती. तिची आई वारली तेव्हा तिला कुणी कळवलंसुद्धा नाही.

"मी न्हाई म्हणलं, तर माझं माहेर संपलं," शालनबाई म्हणाली.

"एकटी कुठं म्हणतेयस? माझी पण सही लागतेय ना? आधी तू नाही म्हण, लगेच मी. दोघींनी नाही म्हटल्यावर पप्पा काय करणार? बहीण तोडतील. पोटची पोरगी तोडतील का?"

तीन गुरुवार शालनबाईनं हेच ऐकलं होतं. चौथ्या गुरुवारी तिनं विचारलं, "माझ्या वाट्याच्या पैशात एक खोली यील का गं? आडवं पडायपुरती?"

"आत्या, अख्खा फ्लॅट येईल."

"एवढं काय करायचं? खोली बास."

बुधवारी रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. अर्जुनराव कडक इस्त्रीत आला होता. त्याचा मुलगा रणजीत गाडीची चावी बोटावर फिरवत होता.

"शालन, सही झाली की घरी चल. वहिनीनं पुरण घातलंय," अर्जुनराव म्हणाला. मग स्नेहलकडं वळला. "हे शूटिंग कशाचं?"

"कॉलेजचं आहे, पप्पा."

"कर, कर. फी तरी वसूल होऊ दे."

क्लार्कनं शालनबाईला खुर्चीत बसवलं. मान वर न करता विचारलं, "समजून करताय ना मावशी? जोरजबरदस्ती नाही ना?"

दिवसातून चाळीस बायकांना तो हेच विचारायचा. चाळीसही जणी मान हलवायच्या.

शालनबाईनं स्नेहलकडं बघितलं. स्नेहलनं डोळ्यांनीच हं म्हटलं.

"मी सही करणार न्हाई," शालनबाई म्हणाली. "मला माझा वाटा पाहिजे."

रणजीतची चावी थांबली. "आत्या, चेष्टा करते का?"

अर्जुनराव ओरडला नाही. जवळ येऊन त्यानं हळू आवाजात विचारलं, "कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. माझं मलाच कळलं."

"बरं झालं." त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला. "आजपासनं मला बहीण न्हाई. दारात यायचं न्हाई. मी मेलो तरी यायचं न्हाई. लोकांना सांगीन, होती एक, गेली."

शालनबाईला खुर्चीतनं उठवेना. पण घडीभराचाच प्रश्न होता. आता पोरगी बोलेल. मग त्या दोघी असतील.

"बाईंचं कोर्टात बघू," वकील म्हणाला. "मुलीचं काय ते होऊन जाऊ दे."

शालनबाई कशीबशी उठली. बाकाशी उभ्या स्नेहलचा हात तिनं जाऊन घट्ट धरला. स्नेहलनं तो अलगद सोडवला, शूटिंग बंद केलं आणि आत्याच्या कानाशी वाकली. "एक नंबर बोललीस आत्या. मॅडम खूश होतील."

मग ती जाऊन खुर्चीत बसली.

"समजून करताय ना?" क्लार्कनं विचारलं. "जोरजबरदस्ती नाही ना?"

"छे हो," स्नेहल म्हणाली. "पप्पा, कुठला अंगठा?"