आवाज करणारी मोटर

"ती नको, ही दे," लेलंड म्हणाला आणि त्याने कोपऱ्यातल्या जुन्या सायकलीवर हात ठेवला.

त्याचा मुलगा कर्टिस शेजारीच उभा होता. बापाने निवडलेली सायकल दुकानातली सगळ्यांत भिकार. मोटर मागच्या चाकात बसवलेली, चढ लागला की धापा टाकणारी, आणि चालू केली की पिठाच्या गिरणीसारखी घरघरणारी. दुकानाची मालकीण मार्व्हा मघापासून दुसरीच दाखवत होती. तिची मोटर पेडलपाशी. मागे एल्क हरणाच्या मांसाने भरलेला गाडा जोडला तरी उभा चढ चढेल, आणि एल्कच्या कानाशी नेऊन उभी केली तरी त्याला पत्ता लागणार नाही, असं ती सांगत होती. मार्व्हाला गिऱ्हाईक गुंडाळायची खोड आहे, पण या वेळी बाई खरं बोलत होती. आमच्या मोंटानात शिकारीसाठी सायकल घेणारा दोनच गोष्टी बघतो, चढ आणि आवाज. लेलंडची सायकल दोन्हींत नापास.

आणि निवडणारा कोण, तर लेलंड! अख्ख्या खोऱ्यात याच्यासारखा गुपचूप शिकारी दुसरा झाला नाही. जन्मभर लोकरीचा कोट वापरला, कारण बाकीचे कोट सळसळतात. डोंगरात जाताना खिशातल्या किल्ल्यासुद्धा ट्रकमध्ये काढून ठेवायचा. बरोबरच्या कुणाला खोकला आला, तर घरी पोचेपर्यंत त्याची अशी काढायचा की विचारू नका. लहान असताना कर्टिस एकदा ऐन वेळी शिंकला आणि एल्क पळाला. ती शिंक अजून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर निघते. या पोराच्या नाकाने आम्हाला हिवाळाभर घेवडा खायला लावला, असं लेलंड पाहुण्यांना सांगतो.

मागच्या हंगामात हाच लेलंड डोंगरात हरवला. ज्या डोंगरात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून फिरला, त्याच डोंगरात. कर्टिस आणि शेजारीपाजारी दिवसभर हाका मारत हिंडले. अंधार पडता पडता सापडला तेव्हा तो एका झाडाखाली बसला होता, ओठ थंडीने निळे पडलेले. जखमी एल्कचा माग काढत होतो, म्हणाला. तिथे मागही नव्हता आणि एल्कही नव्हता. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर त्या विसरायच्या आजाराचं नाव सांगत होता तेव्हा लेलंड खिडकीबाहेर बघत होता. त्याला किती कळलं ते कुणी विचारलं नाही. घरात मग तो विषयच कुणी काढला नाही.

कर्टिसची बहीण जोलीन म्हणाली, बंदुका कुलपात घाला. कर्टिसचं मन होईना. शिकार काढून घेतली तर बापात उरतं काय? भांडणं झाली, रडारड झाली. त्यात म्हाताऱ्यानेच गुडघे गेल्याचं सांगून मोटरवाल्या सायकलीचा धोशा लावला. मग भावाबहिणीचं ठरलं, की त्याला दुकानात न्यायचं आणि मोटर त्यालाच निवडू द्यायची. नीट निवडली तर हा हंगाम त्याचा, कर्टिस सोबत जाईल. नाही निवडली तर कुलूप. लेलंडला यातलं काही सांगितलं नव्हतं.

आणि हा गिरणी धरून उभा.

मार्व्हाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. ही घेतलीस तर एल्क शेजारच्या आयडाहोत जाऊन तुला हसतील, असं ती म्हणाली. लेलंड हसला नाही. कर्टिसने लहान मुलाला समजवावं तसं पुन्हा समजावलं, ही चढते, ही दमते, ही गप्प, ही बोंबलते. कळलं, म्हणाला लेलंड, आणि सायकल बाहेर काढली. कर्टिसला त्याने रस्त्यापलीकडे, पार चाऱ्याच्या दुकानामागे जाऊन उभं राहायला सांगितलं. कर्टिस गेला. बापाचा शब्द मोडायची त्याला अजून सवय नव्हती. घरघर सुरू झाली, कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. तो परत आला तेव्हा लेलंडने विचारलं, ऐकू आलं का? कर्टिस म्हणाला, बहिऱ्यालाही येईल. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

ते समाधान कर्टिसला बघवेना. ज्या माणसाने त्याला पाय न वाजवता चालायला शिकवलं, तो एवढंही विसरला होता. फार वाईट वाटलं त्याला. जोलीनचंच खरं होतं. मार्व्हा शहाणी, ती काहीतरी शोधायच्या निमित्ताने आत निघून गेली.

"बाबा," कर्टिस म्हणाला, "या वर्षी शिकार राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

लेलंडने सायकल स्टँडला लावली. मग मुलाकडे न बघता बोलायला लागला.

"मागच्या वर्षी तू हाका मारत होतास ना, त्या सगळ्या मला ऐकू येत होत्या."

कर्टिसने विचारलं, "मग ओ का नाही दिलीस?"

"कोण हाका मारतोय तेच कळेना. डोंगरात तोंड उघडायचं नाही, एवढंच तेवढं डोक्यात शिल्लक होतं. पुन्हा तसं झालं तरी मी ओ देणार नाही, पोरा. पण सायकल चालवत राहीन, ते पायांना येतं." त्याने कर्टिसच्या खांद्यावर हात ठेवला. "एल्क पळाले तर पळू देत. तुला मी सापडायला हवा."