आणखी तीन कागद

छपाईच्या वर्गातला पहिला कागद यंत्रातून निघाला आणि जुळारीकाकांनी सवयीनं तो उलटा केला. पाठीवरून अंगठा फिरवला. पुढून अक्षर ठसठशीत, पाठ मात्र गुळगुळीत. काका मनातून खूश झाले. चाळीस वर्षं त्यांनी याच शिशाच्या खिळ्यांवर, एकेक अक्षर जुळवून, छापलं होतं. पाठीला उठाव लागला की मालक अख्खा गठ्ठा परत पाठवायचे, वर चार शब्द सुनावायचे ते वेगळंच.

चष्मेवाल्या बाई लेकीची लग्नपत्रिका स्वतः छापायची म्हणून शिकायला आलेल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि नाक मुरडलं. असलं तर कॉम्प्युटरवरही निघतं, म्हणाल्या, बोटांना काही लागतच नाही. बाकीच्या नवशिक्यांनीही माना डोलावल्या.

वर्ग चालवणारी ताई काकांच्या नातीच्या वयाची. बंद पडलेल्या छापखान्यातून तिनं हे यंत्र आणि खिळे आणले होते, आणि त्यांच्यामागोमाग काकांनाही.

"काका, मागं आणखी तीन कागद भरा ना. दाब वाढू दे."

काकांनी तिला बाजूला घेतलं. एवढ्या दाबानं खिळ्याचं तोंड चेपतं, बारीक रेषा आधी जातात, आणि खिळे ओतणारे कारखाने कधीच बंद झालेत, असं सगळं समजावून सांगितलं. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं. पोरगी वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती.

"तुमचा जीव तुटतो, कळतंय मला. पण यांना हेच हवंय. नसेल जमत तर पुढच्या रविवारपासून नाही आलात तरी चालेल, काका. यंत्र मी बघेन."

रविवार गेला की खिळेही गेले. घरी काकांच्या हाताला दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी तीन कागद भरले आणि दांडा ओढला. खिळे कागदात रुतले.

कागद हातोहात फिरला. माणसं डोळे मिटून अक्षरांवरून बोटं फिरवू लागली. चष्मेवाल्या बाई हरखून काकांकडे वळल्या.

"जुन्या काळी असंच छापायचे ना, काका?"

काकांनी ताईकडे पाहिलं. मग खिळ्यांकडे.

"हो," ते म्हणाले. "असंच."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.