चारशे बारा विटा

सगळ्या विटा धुऊन लख्ख झाल्या होत्या. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मिस्त्री कामावर आला आणि फाटकातच थिजला.

बागेची ती भिंत दीडशे वर्षांची, संरक्षित. दारालगतचा झुकलेला तुकडा उतरवायचा आणि वीट न् वीट जिथली तिथेच परत लावायची, अशी पुरातत्त्व खात्याची अट होती. रंगाने खूण करायला मनाई. म्हणून त्याने चारशे बारा विटांवर खडूने आकडे घातले होते. ते आता गटारात गेले होते.

“धुळीने माखल्या होत्या हो बिचाऱ्या!” नळाशी बसलेल्या आजी कौतुकाने म्हणाल्या. “सगळ्यांना चोळून काढलं. एकेकीचा स्वभाव वेगळा बरं का! आता लावा लवकर. भिंतीला हात लावल्याशिवाय मला बाकापर्यंत जाता येत नाही.”

आजींना पंधरा वर्षांपासून दिसत नव्हतं. बोटांना भुकटी लागली, एवढंच त्यांना कळलं होतं. मिस्त्रीच्या कानात मात्र त्यांचं एक अक्षर शिरलं नाही. एक वीट जरी इकडची तिकडे सापडली, तरी खात्याच्या यादीतून त्याचं नाव कायमचं जाणार होतं. वडिलांनी कमावलेलं नाव!

सूनबाईने त्याला बाजूला घेतलं. ती पांढरीफटक पडली होती.

“मिस्त्री, पाया पडते, आईंना यातलं काही बोलू नका. फार जिवाला लावून घेतील.”

त्याने मान डोलावली आणि विटांकडे वळला. बोलून तरी काय उपयोग? कुत्र्याच्या पंजाची वीट ओळखू आली, जळकी ओळखू आली, कोपरा उडालेल्या पाच-सहा ओळखू आल्या. बाकीच्या सगळ्या एकाच माळेचे मणी. उतरवण्याआधी काढलेला फोटो समोर धरून, चुना कालवून, त्याने अंदाजपंचे थरावर थर चढवले. तीन आठवडे त्याला अन्न गोड लागलं नाही.

मग खात्याचे साहेब आले. ओळंबा सोडला, भिंग लावलं, फोटोशी थर ताडून पाहिले.

“शाब्बास! एक वीट हललेली नाही,” म्हणत साहेबांनी सही ठोकली.

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. मिस्त्रीने घाम पुसला, सूनबाईने डोळे पुसले, आणि तिने आतून आजींना हाक मारली.

आजी हसतच आल्या. काठी त्यांनी दारातच ठेवली. भिंतीवर हात टेकून त्या दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. हात मागे आला, पुढे गेला, वर चढला, खाली उतरला, पुन्हा मागे आला. हसू मावळलं. दुसरा हात हवेत काठी शोधू लागला.

“सूनबाई,” त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, “अगं, मी कुणाच्या घरी आलेय?”