छेवांगला आणायचं होतं

घिमिरेसाहेबांनी फोन बंद केला आणि तो हातातच धरून उभे राहिले. सरकारनं मोहिमेबरोबर धाडलेला हा अधिकारी एरवी भारी बडबड्या. तळावरची सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सरकार पडलं," ते म्हणाले. "नवं कधी येणार, कुणाचं येणार, कुणीच सांगत नाही. तोवर सीमेलगतच्या शिखरांवर पाऊल टाकायचं नाही."

"आपला परवाना तर झालाय!" दावा नावाचा तरणा गडी म्हणाला.

"तोंडी झाला होता रे. सही तेवढी राहिली होती. आता खुर्चीत माणूसच नाही, तर सही कोण करणार?"

काठमांडूत सरकार पडलं म्हणून डोंगरातलं कुणी जेवायचं थांबत नाही. पण या खेपेला ते नेमकं छेवांगवर पडलं. मोहिमेतल्या शेर्पांचा म्होरक्या उर्केन सरदार, त्याचा हा मुलगा तीन वर्षांपूर्वी वरच्या कड्याखाली गेला, तो अजून तिथंच बर्फात होता. त्याला खाली आणून अग्नी द्यायचा, एवढ्याचसाठी गावातल्या गड्यांनी परदेशी गिऱ्हाइकांची कामं सोडली होती. पावसाळा तोंडावर आला होता. कड्याखालचा बर्फ भेगाळत चालला होता, पुढच्या वर्षी छेवांग तिथं सापडेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

"काका, गुपचूप जाऊन येऊ," दावा उर्केनला म्हणाला. "साहेब डोळे मिटतील. काय हो साहेब?"

घिमिरेसाहेबांनी खरंच डोळे मिटले.

"आणि सीमेपलीकडच्या चौकीतल्या दुर्बिणी? त्यासुद्धा मिटतील?" उर्केन खेकसला. "सापडलात तर डोंगराला कायमचे मुकाल. मग तुमची पोरं काय खातील, माझं दुःख? सामान बांधा!"

एकानं तरी आपलं ऐकू नये, असं त्याला फार वाटत होतं. सगळ्यांनी ऐकलं.

तंबू उतरले. दोरांची वेटोळी पोत्यात गेली. छेवांगची आई डोमा तेवढी जागची हलली नव्हती. स्वयंपाकी निमा पाण्याचं भांडं घेऊन पूजेच्या चौथऱ्याकडे निघाला, तशी ती धावली.

"काय करतोस, मेल्या?"

"धुनी विझवतोय, आमा. पेटती टाकून कसं जायचं?"

चौथऱ्यापुढे धुपी नावाच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या जळत ठेवायच्या आणि वर गेलेला शेवटचा माणूस उतरला की मगच विझवायच्या, ही शेर्पांची रीत. या खेपेला कुणी वर चढलंच नव्हतं. तसं पाहिलं तर निमाचं काहीच चुकत नव्हतं.

"सगळे खालीच आहेत, आमा," तो हळूच म्हणाला.

"सगळे?"

निमानं भांडं खाली ठेवलं. डोमा धुनीपुढे ठाण मांडून बसली, तसा उर्केन तिला उठवायला आला. तिनं त्याच्याकडे मान वळवली.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही विझवलीत," ती म्हणाली. "तेव्हा मी नव्हते इथं."

खाली हमालांनी ओझी उचलली होती. उर्केन तिच्या शेजारी बसला आणि धुपीच्या आणखी डहाळ्या मोडून निखाऱ्यांवर ठेवू लागला.