दुधाच्या पिशवीचा कोपरा

ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा सापडताच यशोधनने बायकोचे मनगट पिरगाळले.

“पिशवीला नुसती चीर द्यायची, कोपरा तोडायचा नाही! कितीदा सांगायचं?”

नियम शास्त्रशुद्ध होता, हे मृदुलालाही मान्य होते. सुटा तुकडा खतात जातो आणि कुजत नाही. तरीही त्याने तिचे डोके ओट्यावर आपटले. मागे बटाट्याच्या जाड सालींपायी तिची बरगडी मोडली होती.

बेल वाजली. सोसायटीच्या अध्यक्ष घैसासबाई यंदाही ‘शून्य कचरा घर’ हे मानचिन्ह घेऊन शेजाऱ्यांसह दारात उभ्या होत्या. यशोधनने हसतमुखाने सर्वांना आत घेतले.

“मृदुला, आमची बादली रोज भरून वाहते गं! तुला एवढी शिस्त लागली तरी कशी?” घैसासबाईंनी विचारले.

दरवर्षी ती ‘सवयीने’ म्हणायची. आज तिने कपाळावर दाबून धरलेला पदर बाजूला केला. रक्त भुवईवर ओघळले.

“अशी.”

“धांदरट आहे हो,” यशोधन हसला. “ओट्याला धडकली.”

घैसासबाईंनी मानचिन्ह काखेत मारले आणि तिचा दंड धरला.

“चप्पल घाल, पोरी. दवाखान्यातून थेट चौकीत जायचंय.”