इथं व्हिडिओ थांबवा

टीव्हीवर शीला मॅडम शिकवत होत्या आणि त्याच वर्गात, मागच्या खुर्चीवर, खऱ्या शीला मॅडम दातओठ खात बसल्या होत्या.

वर्ग तिचा नव्हता, अतुल सरांचा होता. सर दारात उभे राहून फोनवर आर्णी रोडवरच्या कुठल्याशा प्लॉटचा भाव करत होते. पहिलीची पोरं सतरंजीवर टीव्हीकडे तोंड करून चिडीचूप बसली होती. शीलाच्या शेजारी केंद्रप्रमुख विठ्ठलराव कौतुकानं मान डोलावत होते. या भागातल्या सगळ्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली, आणि ‘आदर्श वर्ग पाहून घ्या’ म्हणत त्यांनीच शीलाला तिच्या शाळेतून इथं आणलं होतं.

व्हिडिओ शीलाचेच. मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून तिनं ते आपल्या वर्गात, आपल्या पोरांसोबत काढले होते. तुरीच्या शेंगा, कपाशीची बोंडं मांडून बेरीज-वजाबाकी. मग नेटवर टाकले, फुकट. ज्याला लागतील त्यानं वापरावे. फक्त प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ घातली होती : इथं व्हिडिओ थांबवा, आपल्या मुलांना विचारा.

“पाच शेंगा होत्या. दोन मी खाल्ल्या. किती राहिल्या?” टीव्हीतल्या शीलानं विचारलं. पडद्यावर ती ओळ आली. कोणी व्हिडिओ थांबवला नाही. ओळ निघून गेली.

“नयन, तू सांग बेटा.”

टीव्हीतली दोन वेण्यांची नयन उभी राहिली. “तीन!” तिच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. या वर्गानंही वाजवल्या, अगदी एका तालात.

“काय शिस्त आहे!” विठ्ठलराव खूश झाले. “पाहा मॅडम, टीव्ही तुमचं काम करून राह्यला. तुमच्या शाळेतही पहिली अशीच बसवू. तुमाले कामगिरीवर तालुक्याले घेतो. तिथं ऑनलाइन माहिती भराले माणूस पायजे.”

शीलाच्या डोक्यात तिडीक गेली. कामगिरी म्हणजे वर्ग सुटला. एकदा ऑफिसात बसवलेला शिक्षक लवकर परत येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि तिची यंदाची पोरं आत्ता कुठं तोंड उघडायला लागली होती. दळण आपण दळून द्यायचं आणि पोळ्या खाणाऱ्यानं आपलं जातंच उचलून न्यायचं, असा हा न्याय.

“सर, याले शिकवणं म्हणता तुम्ही? पोरं टीव्हीसमोर टाकून हे दारात प्लॉट विकून राह्यले!”

अतुल फोन खिशात कोंबत आत आला. “तोंड सांभाळून बोला मॅडम. ‘फुकट आहे, कोणीही वापरा’ हे कोणं लिवलं होतं? तुम्हीच न? मंग आता पोटात काहून दुखते?”

“वापरा म्हटलं होतं. झोपा काढा नव्हतं म्हटलं.”

“माह्या वर्गाचा निकाल पाहा आधी.”

“आयत्या पिठावर रेघोट्या ओढता अन् निकाल मले सांगता? लाज वाटू द्या जराशी!”

“अहो, पोरांसमोर कायले भांडता?” विठ्ठलराव म्हणाले, पण त्यांची नजर टीव्हीवरच होती. टीव्हीतली शीला पुढच्या प्रश्नाला आली होती. “सहा बोंडं होती. दोन वेचली. किती राहिली?” पडद्यावर पुन्हा ती ओळ उमटली.

शीलानं झडप घालून टेबलावरचा रिमोट उचलला आणि व्हिडिओ थांबवला. या वर्गात तो पहिल्यांदाच थांबला होता. पोरं चुळबुळ करू लागली.

फळ्याखालचे सहा खडू घेऊन ती पहिल्या रांगेतल्या मुलीसमोर बसली. “नाव काय वं तुह्यं?”

“प्रेरणा.”

“प्रेरणा, हे सहा खडू. दोन मी घेतले. किती राह्यले?”

प्रेरणानं खडूंकडे पाहिलंच नाही. ती थांबलेल्या टीव्हीकडे पाहत राहिली. मागची पोरंही तिकडेच पाहत होती.

“सांग न बेटा. समोरच तं आहेत. मोज.”

प्रेरणा गोंधळली. मग, मॅडमना एवढंही कसं माहीत नाही अशा सुरात तिनं हळूच सांगितलं, “थे नयन सांगते न, म्याडम.”

शीलाच्या हातातले दोन खडू हातातच राहिले. प्रश्न तिचा होता, आवाज तिचा होता, नयनही तिचीच होती. अतुलवरचा राग तसाच होता, पण आता त्याला एक बोचरी धार आली होती आणि ती तिच्याकडेही वळली होती. पोरांना आपल्या आवाजाची अशी सवय लागेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“तुम्ही अंगावर गेल्या म्हणून भेली पोरगी,” अतुल म्हणाला. त्यानं तिच्या दुसऱ्या हातातला रिमोट हिसकावला आणि बटण दाबलं.

“नयन, तू सांग बेटा.”

“चार!”

प्रेरणाचा जीव भांड्यात पडला. तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. विठ्ठलरावांनीही वाजवल्या आणि फाइल काखेत मारून ते उठले.

“उत्तर तं बरोबर आलं न, मॅडम. सोमवारी तालुक्याले हजर व्हा.”